वांझ वेल आणि एडमंडची काडी

व्हॅनिलाचा वास ओळखत नाहीं असें सुशिक्षित घर आज शहरांत सांपडणें कठीण. मुलांच्या वाढदिवसाचा केक असो, उन्हाळ्यांतलें आईसक्रीम असो, कीं दुपारच्या फराळांतील कस्टर्डची वाटी असो. या गोड वासाची ओळख लहानपणींच होते आणि ती जन्मभर टिकते. परंतु हा वास मुळांत येतो कोठून, असें विचारल्यास बहुतेकांचें बोट स्वयंपाकघरांतील फळीवरच्या लहानशा बाटलीकडे वळेल. त्या बाटलींतील अर्क बहुधा कारखान्यांत तयार झालेला असतो, ही गोष्ट निराळी. पण ज्या वासाचें तें अनुकरण आहे तो खरा वास एका वेलाच्या शेंगेंतून निघतो. ही शेंग धरावयाची तर वेलावरील एकेका फुलाला मनुष्याचा हात लागावा लागतो. तो हात कसा लावावा हें जगाला शिकविणारा कोणी विद्यापीठांतला पंडित नव्हता. हिंदी महासागरांतील एका फ्रेंच बेटावर राहणारा तो १२ वर्षांचा गुलाम मुलगा होता. त्याचें नांव एडमंड. वनस्पतींची वंशवृद्धि आणि त्यांचा देशोदेशीं झालेला प्रसार यांच्या इतिहासांत या मुलाचें स्थान मोठें आहे. पण तें त्याला सहजासहजीं मिळालें नाहीं.

झाडांमध्येंही नर-मादी असा भेद असतो, ही गोष्ट मनुष्याला अर्धवट ठाऊक असून फार काळ लोटला आहे. मेसोपोटेमियांतील बागवान खजुरीच्या नरझाडाचे तुरे तोडून ते मादीझाडाच्या मोहरावर झाडीत असत. ख्रिस्तापूर्वीं सुमारें ३०० वर्षें होऊन गेलेल्या थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानेंही या रिवाजाची नोंद केली आहे. तथापि रिवाज माहीत असणें निराळें आणि त्याचें कारण माहीत असणें निराळें. तें कारण प्रयोगानें सिद्ध व्हावयास १६९४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जर्मनींतील ट्युबिंगेन येथील कामेरारियस यानें आपले प्रयोग पत्ररूपानें प्रसिद्ध केले. एरंडाच्या झाडावरील नरफुलें उमलण्यापूर्वींच काढून टाकलीं तर पुढें सकस बीं धरत नाहीं, असें त्यानें दाखविलें. पुढें १७६१ पासून कोलरॉयटर यानें, पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याच्या कामीं किड्यांचा केवढा उपयोग होतो, याकडे लक्ष वेधलें. १७९३ मध्यें स्प्रेंगेल यानें याच विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. हा स्प्रेंगेल स्पांडाउ येथील शाळेचा मुख्याध्यापक होता. फुलांच्या नादीं लागून तो शाळेकडे दुर्लक्ष करतो असा बोभाटा झाला आणि पुढल्याच वर्षीं त्याची नोकरी गेली. त्याच्या ग्रंथाची खरी किंमत, पुढें चार्ल्स डार्विननें त्याची वाखाणणी केली तेव्हां जगाला कळली. अशा रीतीनें एकोणिसावें शतक उगवलें तेव्हां परागाचें शास्त्र ग्रंथांत आलें होतें. पण ग्रंथांतलें ज्ञान शेतकऱ्याच्या बोटांत उतरावयाचें अजून बाकी होतें.

व्हॅनिलाचें मूळ घर मेक्सिको आणि त्याच्या लगतचा मध्य अमेरिकेचा प्रदेश. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याजवळील रानांत राहणाऱ्या टोटोनाक लोकांस या शेंगेची माहिती फार पूर्वींपासून होती. पुढें आझ्टेक राजांच्या दरबारीं कोकोच्या पेयांत ती घालूं लागले. १५१९ मध्यें स्पॅनिश सेनानी कोर्तेझ मेक्सिकोंत उतरला आणि त्यानंतरच्या काळांत कोकोच्या जोडीनें ही शेंगही युरोपांत गेली. स्पॅनिश भाषेंत ‘व्हैनिया’ म्हणजे लहानशी शेंग किंवा म्यान. त्यावरूनच व्हॅनिला हें नांव पडलें. पुढें जवळजवळ ३०० वर्षें सगळ्या जगाची व्हॅनिला मेक्सिकोच्या रानांतून येत होती. वेल परदेशीं नेण्यास अडचण नव्हती. त्याची कांडी तोडून लावली कीं ती जगते. अडचण होती ती शेंगेची. परदेशीं गेलेला वेल वाढे, झाडावर चढे, फुलेही; पण त्याला शेंग म्हणून धरत नसे.

याचें कारण फुलाच्या रचनेंत आहे. व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळांतली वनस्पति. सह्याद्रींतील झाडांच्या खोडांवर पावसाळ्याच्या तोंडाशीं लोंबणारे ‘सीतेच्या वेणी’चे गुलाबी तुरे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस या कुळाची एक शाखा ठाऊक आहे. व्हॅनिलाचें फूल पिवळट हिरवें, नाजूक आणि अल्पायुषी. तें पहांटेच्या सुमारास उमलतें आणि दुपार कलली कीं कोमेजूं लागतें. दुसऱ्या दिवशीं गळून पडतें. या एका सकाळींच काय तें फलित व्हावयाचें. एकाच फुलांत नराचा भाग आणि मादीचा भाग असे दोन्ही असतात, इतकेंच नव्हे तर ते एकमेकांना अगदीं खेटून असतात. परंतु दोहोंच्या मध्यें जिभेसारखा एक पातळ पडदा असतो. वर परागाचा गोळा, खालीं त्याची वाट पाहणारें स्त्रीकेसराचें तोंड, आणि मध्यें हा पडदा. आपलाच पराग आपल्यावर पडूं नये, तो दुसऱ्या फुलाचा असावा, यासाठीं निसर्गानें ही योजना केलेली आहे. शेजारच्या घराची भिंत एक असावी, पण दार मात्र गांवाला वळसा घालून असावें, तशांतला हा प्रकार.

हा वळसा घालण्याचें काम मेक्सिकोंतील कांहीं जातींच्या मधमाशा करतात. मेलिपोना नांवाची नांगी नसलेली लहान माशी हें काम करते असें पुष्कळ वर्षें पुस्तकांतून सांगत आले. आधुनिक निरीक्षकांचा कल मात्र युग्लोसा नांवाच्या हिरव्या चकचकीत माशांकडे अधिक आहे. माशी कोणतीही असो, ती मेक्सिकोच्या बाजूची, आणि तिचें काम तेथेंही बेताचेंच. रानांत शेंकडा एखादें दुसरेंच फूल फळास जातें. वेल जहाजांत बसून परदेशीं गेला, पण त्याची माशी मागें राहिली. फूल आणि त्याचा पाहुणा यांची गांठ किती घट्ट असते याचें दुसरें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मादागास्करच्या एका ऑर्किडच्या फुलास जवळजवळ फूटभर लांब मधाची नळी असते. तें पाहून डार्विननें १८६२ मध्यें असें लिहिलें, कीं तितक्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. डार्विन वारल्यानंतर, १९०३ मध्यें, तशा पतंगाचें वर्णन शास्त्रज्ञांनीं खरोखरच प्रसिद्ध केलें. फुलाच्या कुलुपाला एकच किल्ली लागते, आणि ती हरवली तर वंश खुंटतो.

मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशसपासून सुमारें २०० किलोमीटरवर, आज रेयुनियन म्हणून ओळखलें जाणारें बेट आहे. मॉरिशसचें नांव मराठी माणसास परकें नाहीं. गेल्या शतकाच्या मागल्या शतकांत कोंकणांतून आणि आसपासच्या भागांतून पुष्कळ मराठी कुटुंबें मजुरीसाठीं तेथें गेलीं आणि त्यांचे वंशज आजही तेथें नांदत आहेत. रेयुनियन मात्र फ्रेंचांच्या ताब्यांत राहिलें. त्या काळीं त्याचें नांव बूर्बाँ. तेथें उंसाचे आणि कॉफीचे मळे होते आणि ते कसण्यासाठीं आफ्रिकेंतून व मादागास्करमधून पकडून आणलेल्या गुलामांचे वंशज होते. या बेटावर १८१९ पासून व्हॅनिलाच्या कांड्या निरनिराळ्या जहाजांतून येऊं लागल्या. १८२२ च्या सुमारास पॅरिसच्या राजोद्यानांतूनही कांहीं आल्या. मळेवाल्यांनीं त्या हौसेनें लावल्या, झाडांवर चढविल्या आणि वाट पाहिली. वीस वर्षें गेलीं. वेल हिरवेगार झाले, फुलांचे घोस आले आणि गेले. शेंग दिसली नाहीं. आपल्याकडे बागेंतील एखाद्या झाडास ‘वांझ’ म्हणतात, तशी त्या वेलांची गत झाली.

या कोड्याचा उलगडा युरोपांत झाला नव्हता असें नाहीं. १८३६ मध्यें बेल्जममधील लिएज येथें शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें कांचघरांतील वेलावर हातानें परागसेचन करून शेंगा धरविल्या. पाठोपाठ पॅरिसच्या उद्यानांत नॉयमान यानेंही तें साधलें. शास्त्राच्या दृष्टीनें प्रश्न सुटला. परंतु मोरेनची रीत कौतुकाची असली तरी मळ्यावर हजारों फुलांच्या मागें लागण्याइतकी सुटसुटीत नव्हती. बूर्बाँच्या मळ्यांवर तर पुढेंही कित्येक वर्षें ती पोंचलीच नाहीं. ज्ञान एका टोकास आणि गरज दुसऱ्या टोकास, असें जगांत पुष्कळदां घडतें.

त्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर सेंत-सुझान नांवाचें गांव आहे. तेथें १८२९ मध्यें एका गुलाम स्त्रीच्या पोटीं एडमंडचा जन्म झाला. त्याला जन्म देतांनाच त्याची आई वारली. गुलामाला आडनांव नसे; मालकाच्या वहींत त्याचें एकच नांव लिहीत. हा पोरका मुलगा पुढें फेरेओल बेलिए-बोमाँ नांवाच्या मळेवाल्याच्या घरीं वाढला. बेलिए-बोमाँला झाडाझुडपांचा मोठा नाद होता. मळ्यांत फिरतांना तो या मुलाला बरोबर घेई आणि झाडांची नांवें, फुलांचे भाग त्याला सांगे. शाळा, पाटी, पुस्तक यांतलें कांहीं एडमंडच्या वांट्याला आलें नव्हतें. पण डोळे उघडे होते, आणि हातांत गुण होता.

बेलिए-बोमाँनें त्याला भोपळ्याच्या जातीच्या एका वेलाचें फूल कसें फळास न्यावें हें दाखविलें होतें. भोपळ्याच्या वेलावर नरफूल वेगळें आणि मादीफूल वेगळें असतें. फुलें नुसतीं येऊन गळूं लागलीं, कीं आपल्याकडेही जाणतीं माणसें नरफूल तोडून त्याचे केसर मादीफुलाच्या तोंडाला टेकवितात आणि मग फळ धरतें. ही घरगुती युक्ति एडमंड शिकला होता. आतां दुसऱ्या एखाद्यानें तेवढ्यावरच समाधान मानलें असतें. पण या मुलानें ती युक्ति मनांत ठेवली आणि मालकाच्या वांझ व्हॅनिलाकडे पाहिलें. येथें तर नरफूल-मादीफूल वेगळें नाहीं. मग या एकाच फुलांत दोन्ही असतील काय? असल्यास त्यांची गांठ कशानें अडली आहे? त्यानें फूल उघडून पाहिलें, आणि त्याला तो पडदा दिसला.

१८४१ मधील एका सकाळीं बेलिए-बोमाँ नेहमींप्रमाणें एडमंडला घेऊन बागेंत फेरी मारीत होता. त्याच्यापाशीं व्हॅनिलाचा एकच वेल जगला होता. त्या वेलावर त्याला हिरवी शेंग लोंबतांना दिसली. तो थक्क झाला. एडमंड म्हणाला, ही शेंग आपण धरविली. मालकाचा विश्वास बसेना. पोरानें वाऱ्याच्या किंवा किड्याच्या कामाचें श्रेय घेतलें असेल, असें त्याला वाटलें. पण थोड्याच दिवसांत आणखी एक शेंग दिसली आणि मुलाचें सांगणें तेंच. तेव्हां मालकानें त्याला करून दाखवावयास सांगितलें.

एडमंडनें एक उमललेलें फूल डाव्या हातांत धरलें. त्याची पाकळी हलकेच फाडून आंतला दांडा उघडा केला. मग एका बारीक काडीच्या टोकानें त्यानें तो मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्यानें परागाचा गोळा खालच्या स्त्रीकेसरावर हळूच दाबला. काम झालें. या सगळ्याला कांहीं क्षण पुरतात. त्यांत उपकरण म्हणाल तर एक काडी, आणि शक्ति म्हणाल तर अंगठ्याचा एक दाब. आजही व्हॅनिलाच्या जगांतील कोणत्याही मळ्यावर जावें, हीच कृति पाहावयास मिळते. काडीच्या जागीं कोठें बांबूची सळई, कोठें लिंबाचा कांटा, कोठें दांतकोरणें. एवढाच काय तो फरक. फ्रेंच लोक या कृतीला ‘एडमंडची लकब’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. एका मुलाच्या अंगठ्याची हालचाल पावणेदोन शतकांनंतरही जशीच्या तशी चालू राहावी, असें शोधांच्या इतिहासांत फारसें घडत नाहीं.

बेलिए-बोमाँनें ही गोष्ट दडवून ठेवली नाहीं. त्यानें शेजारच्या मळेवाल्यांना कळविलें आणि एडमंडला त्यांच्याकडे पाठविलें. हा मुलगा या मळ्यावरून त्या मळ्यावर जाई आणि तेथील गुलामांना फूल कसें धरावें, काडी कशी घालावी हें शिकवी. शिक्षक गुलाम, विद्यार्थीही गुलाम. आणि शिक्षणाचें फळ मात्र मालकाच्या कोठारांत. १८४८ मध्यें या बेटावरून बाहेर गेलेली व्हॅनिला सुमारें ५० किलो होती. १८५८ मध्यें ती २ टनांवर गेली, १८६७ मध्यें २० टनांवर, आणि १८९८ मध्यें सुमारें २०० टनांवर. तोंपर्यंत या बेटानें खुद्द मेक्सिकोलाही मागें टाकलें होतें. ज्या वेलाला वीस वर्षें वांझ म्हणत होते, त्यानें बेटाचें नशीब पालटलें.

ज्यानें हें केलें त्याचें नशीब मात्र फारसें पालटलें नाहीं. १८४८ मध्यें फ्रान्समध्यें राज्यक्रांति होऊन २७ एप्रिल रोजीं वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा हुकूम निघाला. रेयुनियन बेटावर त्याची अंमलबजावणी २० डिसेंबर १८४८ रोजीं झाली आणि ६० हजारांहून अधिक माणसें एका दिवसांत स्वतंत्र झालीं. बेलिए-बोमाँनें एडमंडला त्यापूर्वीं कांहीं महिने मोकळें केलें होतें. स्वतंत्र माणसाला आडनांव पाहिजे, म्हणून एडमंडला ‘आल्बियस’ हें आडनांव मिळालें. लॅटिन भाषेंत ‘आल्बस’ म्हणजे पांढरा. काळ्या कातडीच्या माणसाला असें आडनांव देण्यांत फुलाची आठवण होती, कीं थट्टा होती, यावर निरनिराळीं मतें आहेत. आडनांव मिळालें; पण त्याच्याबरोबर जमीन, पैसा किंवा मानधन यांतलें कांहीं मिळालें नाहीं.

गुलाम सुटल्यानंतर मळ्यांवर हिंदुस्थानांतून, मुख्यतः दक्षिणेंतून, करारानें बांधलेले मजूर येऊं लागले. सुटलेल्यांपैकीं पुष्कळजण शहराकडे गेले. एडमंडही राजधानी सेंत-दनी येथें गेला आणि एका घरीं स्वयंपाकघरांत चाकरीस राहिला. तेथें दागिन्यांच्या चोरीच्या एका प्रकरणांत तो सांपडला आणि त्याला कैदेची कडक शिक्षा झाली. ज्याच्या अंगठ्यानें बेटाच्या व्यापाराला नवें अंग फुटलें, तो आतां तुरुंगांत होता. या वेळीं सेंत-सुझानचे न्यायाधीश मेझिएर लेपेर्व्हांश यांनीं त्याच्यासाठीं गव्हर्नरकडे अर्ज केला. या बेटाला एक नवा धंदा ज्याच्यामुळें लाभला त्याच्याविषयीं दया दाखविणें उचित होय, असा त्या अर्जाचा आशय होता. वागणूकही चांगली असल्यामुळें एडमंडची मुदत पुरी होण्यापूर्वींच सुटका झाली. त्यानंतर तो आपल्या गांवीं परत आला.

एवढ्यानें त्याची परीक्षा संपली नाहीं. त्याच बेटावर झां-मिशेल-क्लोद रिशार हे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सरकारी उद्यान त्यांच्या हाताखालीं होतें. व्हॅनिला फळास आणण्याची युक्ति आपण १८३८ मध्येंच बेटावरील लोकांस दाखविली होती, आणि या मुलानें ती तेथून उचलली असावी, असें त्यांनीं पुढें म्हणावयास सुरुवात केली. एका बाजूला पदवी, अधिकार आणि गौरवर्ण. दुसऱ्या बाजूला सुटलेला गुलाम आणि तुरुंग भोगलेला माणूस. जगाचा न्याय कोणीकडे झुकणार हें सांगावयास नको.

परंतु बेलिए-बोमाँ तेव्हां हयात होता आणि त्यानें लेखणी हातांत घेतली. १८६१ च्या सुमारास त्यानें पत्रद्वारां घडलेली हकीगत स्पष्ट लिहून ठेवली. मुलाला लहानपणापासून आपण वाढविलें, त्यानें काय पाहिलें नि काय शिकलें हें आपणांस ठाऊक आहे, आणि व्हॅनिलाची युक्ति त्याची स्वतःची आहे, असा त्याचा निर्वाळा होता. रिशार यांचा समज वार्धक्यामुळें किंवा स्मृतिदोषामुळें झाला असावा, असें म्हणून त्यानें तो विषय संपविला. या वादांत एक प्रश्न साधाच आहे. ही रीत १८३८ पासून बेटावर माहीत होती, तर १८४१ नंतर मळेवाले आपल्या माणसांना शिकविण्यासाठीं या गुलाम मुलाला कशाला बोलावीत होते? त्या प्रश्नाचें उत्तर रिशार यांच्या पक्षाला सोयीचें नाहीं. १८६३ मध्यें बेटाविषयींच्या एका चित्रसंग्रहांत एडमंडचें चित्र प्रसिद्ध झालें. त्यांत तो व्हॅनिलाची फांदी हातांत घेऊन उभा आहे. एका गुलामाचा शोध त्याच्याच नांवावर राहिला याचें पुष्कळसें श्रेय मालकाच्या साक्षीला आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण साक्ष देण्यासाठीं मालकच लागावा, त्या मुलाच्या स्वतःच्या शब्दाला वजन नसावें, हीच त्या समाजाची खरी स्थिति होती, हेंही विसरतां येत नाहीं.

एडमंडला कांहीं वेतन द्यावें म्हणून बेलिए-बोमाँनें सरकारकडे खटपट केली. तिला यश आलें नाहीं. एडमंडनें लग्न केलें होतें, पण त्याची बायको त्याच्या आधींच वारली. ९ ऑगस्ट १८८० रोजीं सेंत-सुझानच्या इस्पितळांत त्याला मरण आलें. तेव्हां तो ५१ वर्षांचा आणि निष्कांचन होता. बेटावरील वर्तमानपत्रानें त्याच्या मृत्यूची बातमी देतांना, ज्यानें वसाहतीला एवढा लाभ करून दिला त्याचा शेवट असा दैन्यांत झाला, याबद्दल हळहळ व्यक्त केली. हळहळ उशिराच येते. आज त्या गांवांत त्याचा पुतळा आहे.

इकडे काडीची युक्ति मात्र माणसापेक्षां अधिक फिरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेयुनियनच्या मळेवाल्यांनीं ती मादागास्कर आणि कोमोरो बेटांत नेली. मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्याची हवा या वेलाला इतकी मानवली, कीं जगांतील व्हॅनिलेचा सर्वांत मोठा पुरवठा आज तेथूनच होतो. या भागांतील मालाला ‘बूर्बाँ व्हॅनिला’ म्हणतात. बेटाचें जुनें नांव नकाशावरून पुसलें गेलें, शेंगेवर राहिलें. फ्रेंच वसाहतवाल्यांच्या हातून हीच रीत मेक्सिकोंतही पोंचली. आणि जेथें माशी होती तेथील शेतकरीही माशीवर विसंबून न राहतां काडी वापरूं लागला.

या प्रसारांत निसर्गाची एक मोठी गंमत दडलेली आहे, आणि एक धोकाही. फूल फळास जावें म्हणून एवढी धडपड होते, पण त्या फळांतील बीं कोणी पेरीत नाहीं. खऱ्या व्हॅनिलेच्या आईसक्रीममध्यें जे बारीक काळे ठिपके दिसतात तेंच हें बीं. एकेका शेंगेंत तें हजारोंनीं असतें. पण ऑर्किडच्या बियांत अंकुराला पुरेल एवढी शिदोरी नसते. रुजण्यासाठीं तिला जमिनींतील विशिष्ट बुरशीची सोबत लागते. ही गोष्ट १८९९ मध्यें नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आली. म्हणून शेतकरी बियांच्या भानगडींत न पडतां कांडी तोडून लावतो. आईबापांपासून झालेलें बीं दरवेळीं थोडें निराळें असतें. कांडी मात्र त्याच वेलाचा तुकडा. त्यामुळें हिंदी महासागरांतील व्हॅनिलाचे वेल बहुतांशीं एकाच मूळ वेलाचे तुकडे आहेत, असें अलीकडील संशोधनानें दाखविलें आहे. एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागूं शकतो. मुळें कुजविणाऱ्या बुरशीनें अनेक देशांतील मळे बसले आहेत. जो पडदा दूर सारून मनुष्यानें फळ मिळविलें, तो निसर्गानें विनाकारण घातलेला नव्हता. मिसळ आणि वैविध्य यांसाठींच तो होता.

शेंग धरली म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. ती पिकावयास सुमारें नऊ महिने लागतात. तोडलेल्या हिरव्या शेंगेला वास नसतो. तिला गरम पाण्यांत बुडवून, घोंगडींत गुंडाळून घाम आणवून, उन्हांत आणि सावलींत आळीपाळीनें वाळवून, महिनोन्‌महिने पेटींत मुरवितात. तेव्हां ती काळी, लवचिक आणि सुवासिक होते. त्या वासाचें मुख्य द्रव्य व्हॅनिलिन. तें गोब्ले यानें १८५८ मध्यें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें, आणि १८७४ मध्यें टीमान व हारमान या जर्मन रसायनज्ञांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें. तेव्हांपासून स्वस्त वास बाटलींत आला. तरीही खऱ्या शेंगेची मागणी संपली नाहीं, कारण तिच्या वासांत एका द्रव्याऐवजीं शेंकडों द्रव्यांचा मेळ असतो.

हिंदुस्थानांत व्हॅनिलाची लागवड मुख्यतः केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडु या प्रांतांत आहे. एप्रिल २००० मध्यें एका मोठ्या वादळानें मादागास्करचे मळे झोडपले आणि व्हॅनिलेचे भाव भडकत गेले. २००३ पर्यंत ते इतके चढले, कीं केरळ-कर्नाटकांतील कित्येक शेतकऱ्यांनीं सुपारीच्या आणि कॉफीच्या बागांतून हा वेल चढविला. पुढें लवकरच भाव कोसळले आणि अनेकांनीं हात पोळून घेतले. पण त्या बागांतून ज्या बायका फुलांच्या हंगामांत रोज सकाळीं काडी घेऊन वेलांपाशीं उभ्या राहिल्या, त्यांच्या बोटांत तीच लकब होती. सराईत हात एका दिवसांत हजाराहून अधिक फुलें फळास लावतो. त्यांपैकीं कितीजणींना एडमंडचें नांव ठाऊक असेल, हा प्रश्न निराळा.

कामेरारियस, कोलरॉयटर, स्प्रेंगेल आणि डार्विन यांनीं फुलाचें गुपित जगाला सांगितलें, आणि त्यांचा मान मोठा आहे. पण तें गुपित शेतांत उतरविणारा मुलगा त्यांच्या पंक्तींत क्वचितच बसविला जातो. त्याच्यापाशीं ग्रंथ नव्हता, सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें, स्वतःचें म्हणून आडनांवही नव्हतें. भोपळ्याच्या फुलावर शिकलेली एक साधी गोष्ट त्यानें दुसऱ्या फुलाला लावून पाहिली. शिक्षणाचें सार म्हणतात तें याहून फारसें वेगळें नाहीं. पुढल्या वेळीं घरांत पायसाची किंवा केकची गोड दरवळ सुटली आणि मुलांनीं ती कसली म्हणून विचारलें, तर व्हॅनिलाबरोबर एडमंड आल्बियस हें नांवही त्यांस सांगावें. त्या मुलाचें देणें जगाकडे अजून बाकी आहे, आणि निदान एवढें तरी घरोघर फेडतां येण्यासारखें आहे.